पाठीचं म्हणून सांगितलेलं ऑपरेशन

ऑपरेशनच्या आधी मी मराठीत वाचायला काहीतरी शोधत होते. माझ्यासारख्या एखाद्या मुलीने लिहिलेलं, साधं. सापडलं नाही. जे मिळालं ते एकतर इंग्रजीत होतं, नाहीतर सुंदर दिसण्याच्या जाहिरातींमधलं. म्हणून हे लिहिते आहे. परीक्षेच्या पेपरपलीकडे मी फारसं काही लिहिलेलं नाही, त्यामुळे कुठे अडखळले तर सांभाळून घ्या.

मी गोव्यातल्या पेडणे तालुक्यातल्या एका गावची. बाबा खासगी बस चालवतात. आई परसात भाजी पिकवते आणि शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात बसून विकते. कॉलेजात जाणारी आमच्या घरातली मी पहिली. विसाव्या वर्षी माझं स्तन लहान करण्याचं ऑपरेशन झालं.

हे शेवटचं वाक्य लिहायला मला बराच वेळ लागला. आमच्या घरात या अवयवाला नावच नव्हतं. आई फार तर 'वरचं' म्हणायची, तेही दुसरीकडे बघत. कॅन्सर नव्हता, गाठ नव्हती. फक्त वजन होतं, आणि ते मला पेलवत नव्हतं. एवढंच कारण एवढ्या मोठ्या ऑपरेशनला पुरेसं आहे का, हा प्रश्न, ज्यांना खरं कळलं, त्यांनी मला विचारला. मी स्वतःलाही विचारला. ज्या मुली आज तोच प्रश्न घेऊन बसल्या असतील, त्यांच्यासाठी हे.

वजन

नववीत असताना सुरू झालं. अंग एवढ्या भराभर वाढलं की गणवेश वर्षात दोनदा उसवून मोठा करावा लागला. मी खांदे पुढे काढून चालायला लागले. बाई म्हणायच्या, "सरळ बस." सरळ बसलं की मुलं बघायची, पोक काढलं की बाई ओरडायच्या. मी पोक निवडलं. धावणं तर तेव्हाच सुटलं.

दहावीनंतर एकावर एक दोन ब्रा घालायची सवय लागली. पट्ट्यांनी खांद्यांवर खळगे पडले. मे महिन्यात छातीखालची कातडी घामाने लाल व्हायची, सोलवटायची. आई तिथे लावायला खोबरेल तेल वाटीत काढून दाराबाहेर ठेवायची. आत येत नसे. काजूच्या मोसमात बोंडू पिळून बिया काढायला आम्ही सगळे ओळीत बसायचो. थोड्याच वेळात माझी मान अशी धरायची की डोकं वळवायला अख्खं अंग वळवावं लागे.

शेजारच्या घरात राहणारी माझी काकी म्हणायची, "लगीन झाला की सगळा सारख्या होता." आई म्हणायची, "देवान दिलेला. तेका काय करतलंस?" कोणी वाईट मनाने बोलत नव्हतं. त्यांना खरंच वाटायचं की यावर काही नसतं.

तो दिवस

मग उजव्या हाताची बोटं बधिर व्हायला लागली. पेपर लिहिताना पेन सुटायचं. तेव्हा मात्र आई घाबरली आणि आम्ही मोठ्या सरकारी हॉस्पिटलात गेलो. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे बघितला, मला उभं केलं, मागून बघितलं, बाजूने बघितलं. मग म्हणाले, "हाडं चांगली आहेत. तुम्ही प्लास्टिक सर्जरीच्या विभागात जा."

प्लास्टिक सर्जरी म्हणजे सिनेमातल्या बायका नाक बदलून घेतात ती, एवढंच आम्हांला माहीत. आईने वाटेत दोनदा विचारलं, "तेना चुकीचा तर सांगूक नाय मा?"

तिथे डॉक्टर मॅडम होत्या. त्यांनी पडदा ओढला, तपासलं आणि खांद्यावरच्या खळग्यात बोट ठेवून विचारलं, "हे किती वर्षं?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "यात तुझं काही चुकलेलं नाही. हा आजारच आहे, आणि यावर उपाय आहे."

मी रडायला लागले. इतकी वर्षं मला वाटत होतं की हे माझ्या अंगाचं काहीतरी निर्लज्जपण आहे. कोणीतरी त्याला आजार म्हटलं तेव्हा ते माझ्यापासून जरा वेगळं झालं.

मॅडमनी सगळं समजावलं. आतला काही भाग काढणार, बाकीचा वर उचलून शिवणार. व्रण राहतील, ते पुसले जाणार नाहीत. संवेदना कमी होऊ शकते. आई सगळा वेळ जमिनीकडे बघत होती. शेवटी तिने एकच विचारलं, "तिका पोर झाला तर दूद येतला?"

मॅडमनी उत्तर गोड केलं नाही. "येईल, कमी येईल, कदाचित येणारही नाही. आधी सांगता येत नाही. म्हणूनच घाई करू नका. मुलं झाल्यावरही हे करता येतं. पण तोवर हिची मान आणि हात कसे राहतील, तेही बघायला हवं. घरी जाऊन बोला."

घरी

घरी बोलायचं म्हणजे कठीण. मी ऑपरेशन करून घ्यायचं हे मनात ठरवलं होतं. पण आईच्या मनाविरुद्ध नको होतं. मला तिची सही नको होती, सही माझी मीच करू शकत होते. मला तिने माझ्याकडे बघून हो म्हणायला हवं होतं. नंतरच्या सगळ्या महिन्यांत मी खरं तर त्याचीच वाट बघत होते.

बाबा मुलीच्या अशा गोष्टीवर बोलणार कसे? ते आईशीच बोलले, पण मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. "माका गाडयेचा कळता. पुढे वजन जास्त झाला तर स्प्रिंगाचे पाटे मोडतत. मगे पाटे बदलून काय उपेग? वजन कमी करूक होया."

"चेडू म्हणजे तुमची बस नाय," आई म्हणाली.

"बस असती तर मी कवाच गॅरेजात नेली असती."

आई हसली नाही. पण पुढच्या सोमवारी ती देवळात जाऊन आली. आमच्याकडे मोठं काम करायचं तर देवाचा कौल घेतात. कौल लावणारे घाडी काका देवाच्या अंगावर फुलाच्या ओल्या पाकळ्या लावतात, गाऱ्हाणं घालतात, म्हणजे काम काय आहे ते देवाला मोठ्याने सांगतात. जमलेली माणसं "होय म्हाराजा" म्हणतात. मग सगळे पाकळीकडे बघत बसतात. उजवी पडली तर हुकूम झाला.

आई परत आली, पिशवी खुंटीला अडकवली आणि म्हणाली, "उजवी पडली. करून घे." पण ती हे चुलीकडे बघत म्हणाली.

गावात सांगितलं की पाठीचं ऑपरेशन आहे.

वॉर्ड

दिवाळीच्या सुट्टीत मी दाखल झाले. हॉस्पिटलचा दिवस फार लवकर सुरू होतो. उजाडायच्या आत कोणीतरी ताप बघतं, मग चहा-पाव, मग झाडू, मग डॉक्टरांचा घोळका. घोळक्यात मुलगे डॉक्टरही असतात. मी पहिल्या दिवशी चादर हनुवटीपर्यंत ओढून बसले होते. मॅडमच्या लक्षात आलं असावं. त्यांनी बाकीच्यांना पडद्याबाहेर ठेवलं. त्यांना ती साधी गोष्ट वाटली असेल, मला ती अजून आठवते.

शेजारच्या खाटेवर बार्देशची एक म्हातारी होती, फिलोमिनाबाय. गरम तेलाने तिचा हात भाजला होता. तिने पहिल्याच दिवशी सरळ विचारलं, "तुका कितें जालां गो?"

आई घाईघाईने म्हणाली, "पाठीचा."

"पाठीचें?" फिलोमिनाबाय माझ्याकडे बघत राहिली. तिला दिसत होतंच. मग मान हलवून म्हणाली, "काडून उडयतात तें म्हाका दी गो बाय. म्हजें सगळें सुकून गेलां."

काढून फेकायचं ते तिला हवं होतं! मला एकदम हसू फुटलं. आईने पदर तोंडाला लावला. मला वाटलं ती रागावली. पण तिचे खांदे हलत होते. त्या दिवसापासून दोघींची गट्टी जमली. फिलोमिनाबायची मुलगी येताना बेकरीतले उंडे पाव आणायची, त्यातले दोन आमच्यासाठी.

ऑपरेशनच्या सकाळी मॅडमनी मला उभं करून अंगावर पेनाने रेघा काढल्या. त्या रेघांवरून हात फिरवताना मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. आता हे होणार. उठलेच नाही तर? उठले आणि पस्तावले तर? आत नेताना आईने माझा हात धरला होता, पण नजर स्ट्रेचरच्या चाकांवर होती.

जाग आली तेव्हा तोंड कोरडं पडलं होतं आणि छाती घट्ट बांधलेली होती. दुखत होतं, पण मला वाटलं होतं तेवढं नाही. दोन्ही बाजूंनी नळ्या होत्या, त्यांना छोट्या बाटल्या. बाथरूमला जाताना त्या बाटल्या कापडी पिशवीत घालून गळ्यात अडकवायच्या. दुसऱ्या दिवशी नर्सने मला आधार देऊन बसवलं आणि मी श्वास घेतला. तो श्वास मी इथे नीट लिहू शकणार नाही. कोणीतरी छातीवरून उठून बाजूला बसल्यासारखं वाटलं.

हात खांद्याच्या वर न्यायला बंदी होती. केस आई विंचरायची. ड्रेसिंग बदलताना मात्र ती बाहेर जायची. मीही छताकडे बघायचे. आमचं दोघींचंही त्या बाबतीत सारखंच होतं.

पाठीच्या पेशंटला भेटायला आलेले

घरी आल्यावर माणसं यायला लागली. आमच्याकडे आजाऱ्याला बघायला जाणं चुकवत नाहीत. कोणी नारळ आणले, कोणी शहाळी, कोणी नाचणीचं पीठ. सगळ्यांनी पाठीसाठी सल्ले दिले. एकाने फळीवर झोपायला सांगितलं. मी तर तीन उशा पाठीला लावून, अर्धी बसून झोपत होते. कुशीवरही वळायचं नव्हतं.

काकी तर तेलाची बाटली घेऊनच आली. "पालथी पड बघया. मी चोळतंय."

"डॉक्टरान सांगलाहा, पालथी पडूचा नाय," मी म्हटलं.

"पाठीच्या दुखण्याक पालथी नाय तर काय उताणी पडतलंस? खयचो गे ह्यो डॉक्टर?"

आई आतून धावत आली. "टाके आसत गे जाऊबाय, टाके!"

"मगे पाठीक टाके तर ही पाठ टेकून कशी बसलीहा?"

काकीने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मी सैल गाऊन घातला होता, पण काकी आंधळी नाही. तिने बाटलीचं झाकण लावलं आणि म्हणाली, "बरां. कंबरेक लागला तर सांग." त्यानंतर ती रोज दुपारी पेज आणून ठेवायची आणि पाठीचं नाव काढायची नाही.

खोटं सांगण्याचा त्रास असा असतो की खरी मदत चुकीच्या जागी येते.

डोळे उघड

घरी आल्यानंतरचं पहिलं ड्रेसिंग आरोग्य केंद्रातल्या नर्सनी केलं आणि आईला कसं करायचं ते तोंडी समजावलं. पुढचं घरी करायचं होतं. मला स्वतःला ते जमण्यासारखं नव्हतं. छातीखालचा टाका मला दिसतच नव्हता. म्हणजे आईनेच करायचं.

तिने हात साबणाने धुतले, खिडकी बंद केली, दाराला कडी लावली. पट्टी काढली. मग माझ्या लक्षात आलं की कापूस भलत्याच ठिकाणी फिरतो आहे. मी खाली बघितलं. आईने डोळे मिटले होते.

"आई, डोळे उघड."

"माका बघवना नाय."

"न बघता कसा करतलंस? नको तिथे लागता."

ती म्हणाली, "न्हाऊक घालायचंय तवा बघितललंय. मगे तू मोठी झालंस." आणि तिने डोळे उघडले. बराच वेळ ती बघत राहिली. मला वाटलं ती आता रडेल. तिने फक्त विचारलं, "एवढा शिवलांनी?" आणि हळूच, टाक्याच्या कडेकडेने पुसायला लागली. भेंडीच्या कोवळ्या रोपाला माती लावते तशी.

त्या दिवशी मीही आरशासमोर उभी राहिले. सूज होती, जांभळं-पिवळं झालं होतं, शिवण लाल. सुंदर नव्हतं. पण ते माझ्या मापाचं होतं. आणि तरीही त्या आठवड्यात मी खूप रडले, विनाकारण. आधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं: ऑपरेशन मनासारखं झालं तरी मन खचतं. जे नको होतं ते गेल्याचंही वाईट वाटतं. मला वाटायचं, देवाने दिलेलं मी कापून टाकलं, आता काही बिघडलं तर कोणाला तोंड दाखवू? ते दिवस जातात. पण असतात.

जखम

बिघडलं. डाव्या बाजूला, खाली, जिथे उभी शिवण आडव्या शिवणीला मिळते, तिथे टाका सैल झाला आणि जखम उघडली. फार मोठी नाही, पण ओली. आईने आधी बघितली. तिने लगेच बाबांना फोन लावला.

मॅडमनी तपासून सांगितलं, "या कोपऱ्यात रक्त कमी पोचतं. काही जणींची इथेच उघडते. ही आतून भरत येईल, वेळ लागेल. पुन्हा टाका घालायचा नाही. ड्रेसिंग रोज, जेवण नीट, आणि ताप आला किंवा वास आला तर लगेच या." मग आईकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही फार स्वच्छ ठेवलंय. तुमच्यामुळे बिघडलेलं नाही."

आईने ते ऐकलं की नाही कोण जाणे. घरी आल्यावर ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही नावाला घास घेतला. शुक्रवारी भाजी काढली, पण बाजारात गेली नाही. सगळी काकीच्या दारात नेऊन ठेवली. मी विचारलं तर म्हणायची, "काय नाय."

शेवटी ड्रेसिंग करताना तीच बोलली. "देवाक खोटा सांगलंय मी."

"काय खोटा?"

"पाठीचा ऑपरेशन म्हणान गाऱ्हाणा घातलंय. थय सगळे पुरुस बसलले. मी खयसून सांगतलंय छातयेचा म्हणान? उजवी पाकळी पडली ती पाठीक. छातयेक देवान हुकूम दिलोच नाय."

मला क्षणभर हसू आलं, मग राग आला. मी म्हटलं, "माझी पाठ दुखा होती म्हणानच ना केला? मगे खोटा कसा?" मी रक्तपुरवठ्याचं सांगितलं, मॅडमचं बोलणं सगळं परत सांगितलं. ती ऐकत होती. तिला ते पटतही होतं. पण तिची अडचण वेगळी होती. तिने एक काम विचारलं आणि दुसरं केलं, आणि त्याची शिक्षा माझ्या अंगावर उघडी पडली, असं ती धरून बसली होती. मला कौलाचं काय वाटतं हे मला आजही नीट सांगता येणार नाही. पण एक कळत होतं. ही बाई जेवत नाही, आणि रोज ती जखम हिलाच बघायची आहे.

"मगे परत जाऊया," मी म्हटलं. "खरा सांगूया."

"कोण सांगतला?"

"मी सांगतंय."

देवळात

पुढच्या सोमवारी सकाळी आम्ही गेलो. देवळात घाडी काका होते, दोघे म्हातारे खांबाला टेकून बसले होते, आणि पलीकडच्या गावची एक बाई आपल्या कौलासाठी थांबली होती.

"काय गे बाय, परत? पाठ बरी नाय?" घाडी काकांनी आईला विचारलं.

मी पुढे झाले. बोलायचं पाठ करून आले होते. पण त्या खांबांसमोर सगळं विसरले. कॉलेजात शिकणारी मी, तोंडातून एक अक्षर फुटेना.

आई म्हणाली, "पाठ नाय. छातयेचा ऑपरेशन झालाहा हिच्या. छातये भारी होते म्हणान पाठ दुखा होती. पयल्या खेपेक मी पाठीचा म्हणान सांगलंय. ता अर्धा सांगणा. आता जखम भरना नाय."

म्हाताऱ्यांपैकी एकाने घसा खाकरला. घाडी काका समईकडे बघत राहिले. मग अगदी कामाच्या आवाजात विचारलं, "उजवी की डावी?"

"ऑपरेशन दोनय बाजूक. जखम डावी."

"बरां. देवाक सगळा सविस्तर सांगूक होया." त्यांनी पाकळ्या ओल्या केल्या, लावल्या आणि सुरू झाले, "बा देवा म्हाराजा! ह्या तुझा लेकरू आज तुझ्या पायाकडे इलाहा!"

"होय म्हाराजा," म्हातारे म्हणाले.

"ह्याचे छातये भारी होते, ते हलके करून घेतलेहत!"

"होय म्हाराजा!"

"पयल्या खेपेक पाठीचा म्हणान सांगणा केला, ता आवशीन लाजेन केला. ती चूकभूल पोटात घाल, आणि डावयेकडची जखम भरून काढ!"

"होय म्हाराजा!" या वेळी पलीकडच्या गावच्या बाईचाही आवाज होता.

मला वाटलं होतं मी शरमेने मरेन. तसं काही झालं नाही. दोन म्हातारी माणसं माझ्या छातीसाठी देवाला होय म्हणत होती, आणि त्यांच्या आवाजात दुसरं काहीच नव्हतं.

मग पाकळी पडेना. आम्ही बघत बसलो. घाडी काका म्हणाले, "देव इचार करता." आणखी बसलो. शेवटी आईच उठली. "पडतली तवा पडतली. माका सांगूचा होता ता सांगलंय. हिच्या ड्रेसिंगाचो टायम झालो."

आम्ही पायऱ्या उतरून चपला घालत होतो तेव्हा आतून हाक आली, "उजवी गे बाय, उजवी!"

"बरां," आई म्हणाली, आणि मला म्हणाली, "चल. भूक लागली." तिने माझ्याकडे बघूनच म्हटलं.

भरत आलेलं

जखम त्या दिवशी भरली नाही. मॅडमनी सांगितलं होतं तशीच भरली, आतून, सावकाश, एखाद्या आठवड्यात काहीच फरक नाही असं वाटायला लावत. आई रोज बघायची आणि मला सांगायची, "आज बरी दिसता," किंवा "आज काल सारखीच." ती जेवायला लागली, शुक्रवारी बाजारात बसायला लागली. काकीला तिने स्वतःहून खरं सांगितलं. काकी म्हणाली, "माका तवाच कळला. तुमी खय पाठीचा नाटक करीत बसलास म्हणान मी गप्प." मग अशी काही हसली की कोंबड्या पळाल्या.

व्रण आहेत. डाव्या बाजूचा जरा रुंद. एका जागी स्पर्श अजून कळत नाही. पुढे मूल झालं तर काय, हे मला माहीत नाही आणि ती काळजी आहे, ती नाही असं मी म्हणणार नाही. पण बोटं बधिर होत नाहीत. मे महिन्यात कातडी सोलवटली नाही. कॉलेजच्या बाकावर मी पाठ टेकून बसते.

कोणी विचारलं तर मी एवढंच सांगेन: डॉक्टरांना सगळं विचारा, लाजेचं आधी. आणि घरात एक तरी माणूस असं ठेवा जे डोळे उघडून बघेल. एकदम जमत नाही त्यांना. थोडं थांबा.

परवा रविवारी देवळातली ती पलीकडच्या गावची बाई आमच्या घरी आली. बरोबर तिची मुलगी, अकरावीत असेल. खुर्चीच्या टोकावर खांदे पुढे काढून बसली होती. मला तिचं नाव माहीत नव्हतं, पण ते बसणं मला ओळखीचं होतं. तिच्या आईने चहाचा कप तसाच ठेवला, आईच्या कानाशी वाकली आणि हळू आवाजात काहीतरी सांगायला लागली.

आईने तिला मध्येच थांबवलं. "हळू कित्या बोलतंस? तिचाच तर आसा. तिका आयकाक येऊ दी." आणि मग मुलीकडे वळून म्हणाली, "गो बाय, तुझी छाती भारी आसा, तेका औषध आसा. काय इचारूचा ता इचार. हिका इचार, नायतर माका इचार. पट्टी मी बांधतंय."

मुलीने मान वर केली. आधी आईकडे बघितलं, मग माझ्याकडे.

मग तिने विचारलं, "मगे धावाक मेळता?"